जस्ताची खाण, चार अंतरिम लाभांश आणि रेंगाळलेला स्मेल्टर

खाण कंपनीनं पैसा वाटावा की जमिनीत घालावा, हा वाद नुसत्या तत्त्वावर कितीही वेळ चालतो. एका कंपनीची सात-आठ वर्षं हिशेबासकट समोर ठेवली की तो लवकर ताळ्यावर येतो. खालचं प्रकरण राजस्थानातल्या जस्त-शिसं-चांदीच्या कंपनीचं आहे. तिचं नाव घेतलेलं नाही. आकडे मात्र तिच्या जाहीर हिशेबांतले आहेत, काही जवळच्या हजारात आणलेले. बाजारावर नजर असणारे कंपनी ओळखतील, ओळखू देत.

पार्श्वभूमी

ही एके काळची सरकारी कंपनी. एप्रिल २००२ मध्ये निर्गुंतवणूक झाली आणि व्यवस्थापन खासगी प्रवर्तकाकडे गेलं. पुढे प्रवर्तकाचा हिस्सा ६४.९२ टक्के झाला, सरकारकडे २९.५४ टक्के उरला आणि बाकी सगळ्या जगाकडे मिळून जेमतेम साडेपाच टक्के. एकूण शेअर ४२२.५३ कोटी, म्हणजे शेअरमागे एक रुपया लाभांश जाहीर केला की कंपनीतून ४२२.५३ कोटी रुपये बाहेर. हा एक आकडा ध्यानात ठेवला की पुढचं बरंचसं गणित तोंडी होतं.

प्रवर्तकाची रचना माडीवर माडी अशी. राजस्थानच्या कंपनीवर मुंबईत नोंदणी असलेली सूचीबद्ध कंपनी, तिच्यावर लंडनची मूळ कंपनी. मुंबईच्या कंपनीत लंडनचा वाटा त्या काळात सुमारे ७० टक्के होता. डॉलरमधलं मोठं कर्ज सगळ्यात वरच्या माडीवर आणि रोकड सगळ्यात खालच्या.

खाली रोकड होती याचं कारण साधं आहे. भिलवाडा जिल्ह्यातली मुख्य खाण जगातल्या मोठ्या जस्तखाणींपैकी एक. खुली खाण, चांगल्या प्रतीचं धातुक (धातू असलेला खडक), स्मेल्टर म्हणजे धातू गाळायचा कारखाना आणि वीजघर स्वतःचं. मार्च २०१६ ला कंपनीकडे सुमारे ३५ हजार कोटी रुपये रोख आणि गुंतवणुकीच्या रूपात पडून होते आणि कर्ज जवळपास नव्हतंच. त्याच वर्षी जानेवारीत लंडन मेटल एक्स्चेंजवर जस्त टनाला दीड हजार डॉलरच्याही खाली उतरलं होतं, तरी वर्षाचा नफा आठ हजार कोटींच्या वर राहिला.

अडचण

विस्ताराची योजना २०१३ पासूनच ठरलेली होती: खाणीतून निघणारा धातू वर्षाला १२ लाख टनांपर्यंत न्यायचा. पैसा हाताशी होता. अडलं होतं ते जमिनीखाली.

मुख्य खाण खुली होती आणि खड्डा खोल गेल्यामुळे ती भूमिगत करणं भाग होतं. खुल्या खाणीत आणखी दहा डंपर आणि दोन शॉव्हेल घेतले तर काही महिन्यांत उत्पादन वाढतं. भूमिगत खाणीत तसं होत नाही. आधी उतरता बोगदा, मग त्यातून पातळीपातळीवर फाटे, हवेचे शाफ्ट आणि धातुक वर खेचणारा मुख्य शाफ्ट. इथला मुख्य शाफ्ट साधारण साडेनऊशे मीटर खोल. शाफ्टच्या तळाशी एका वेळी एकच टोळी काम करू शकते. भोक पाडायचं, सुरुंग लावायचा, धूर जाऊ द्यायचा, मलबा वर काढायचा, भिंतीला काँक्रीट लावायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे दुप्पट पैसे ओतून दुप्पट वेग मिळत नाही.

एक स्टोप, म्हणजे धातुक काढायची खोली, रिकामी झाली की ती सिमेंट मिसळलेल्या पेस्टनं भरावी लागते आणि ती पेस्ट आवळून घट्ट झाल्याशिवाय शेजारच्या स्टोपला हात लावता येत नाही. घाई केली तर वरच्या बाजूचा कमकुवत खडक धातुकात कोसळतो, प्रत घसरते आणि गिरणीत धातुकाऐवजी दगड दळले जातात. फाटे आणि बोगदे उत्पादनाच्या किमान वर्षभर पुढे असावे लागतात. ते मागे पडले की तयार स्टोप कमी पडतात आणि गिरणी उपाशी राहते.

परिणामी त्या वर्षांतला भांडवली खर्च साधारण दोन ते साडेतीन हजार कोटींच्या पट्ट्यात राहिला. त्याहून जास्त पचतच नव्हता. ३५ हजार कोटी म्हणजे दहा वर्षांच्या विस्ताराची बेगमी, आणि तीही नवा नफा जमेला न धरता.

पहिला निर्णय: २०१६ आणि २०१७

मार्च २०१६ मध्ये संचालक मंडळानं शेअरमागे २४ रुपये विशेष लाभांश जाहीर केला. भागधारकांच्या हाती १०,१४१ कोटी. त्यावर तेव्हाचा लाभांश वितरण कर सुमारे २,०६४ कोटी. मिळून १२,२०५ कोटी. वर्षभरानं २७.५० रुपये, करासकट १३,९८५ कोटी.

त्या वेळी बरीच ओरड झाली की प्रवर्तकानं तिजोरी रिकामी केली. ती फारशी रास्त नव्हती. म्युच्युअल फंडात आणि रोख्यांत पडलेला पैसा करपूर्व आठ-नऊ टक्के मिळवत होता आणि खाणीला तो नजीकच्या काळात लागणार नव्हता. असा पैसा मालकांना परत करणं हेच योग्य. सरकारलाही पहिल्या हप्त्यात हिश्श्याचे सुमारे ३,००० कोटी आणि वरून कराचे २,०६४ कोटी मिळाले, त्यामुळे मंडळावरच्या सरकारी प्रतिनिधींनी हरकत घेण्याचं कारण नव्हतं.

उणीव दुसरीकडे राहिली. किती वाटायचं ते कशावरून ठरवलं, याचं सूत्र कागदावर आलं नाही. विस्ताराला, खाण बंद करतानाच्या खर्चाला आणि भाव पडण्याच्या जोखमीला किती राखायचं हे आधी ठरवून उरलेलं वाटलं असतं, तर पुढच्या खेपेला तीच फूटपट्टी वापरता आली असती.

दुसरा निर्णय: २०२२-२३

मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या.

मार्च २०१८ मध्ये मुख्य खाण पूर्ण भूमिगत झाली. १२ लाख टनांचं लक्ष्य हुकलं, तरी २०२१-२२ मध्ये खाणीतला धातू पहिल्यांदा १० लाख टनांपुढे गेला.

एप्रिल २०२० पासून लाभांश वितरण कर गेला आणि कर घेणाऱ्यावर आला. देशी कंपनीला उपकंपनीकडून लाभांश मिळाला आणि तिनं तो विवरणपत्राच्या मुदतीच्या महिनाभर आधी स्वतःच्या भागधारकांना पुढे वाटला, तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०एम खाली तेवढी वजावट मिळायची. स्वतःकडे ठेवला तर कर. त्यामुळे खालून आलेला पैसा मधल्या माडीवर थांबवायला काही अर्थच उरला नाही. मुंबईच्या कंपनीनंही २०२२-२३ मध्ये शेअरमागे १०१.५० रुपये वाटले.

तिसरी गोष्ट भावाची. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये जस्त टनाला साडेचार हजार डॉलरवर गेलं आणि वर्षभरात तीन हजारांच्या खाली आलं. कंपनीनं त्या वर्षी ८.२१ लाख टन जस्त विकायला काढलं. भाव टनाला १०० डॉलर हलला की महसूल साधारण साडेसहाशे कोटींनी हलतो. त्यातून दहा टक्के रॉयल्टी, रॉयल्टीवर ३० टक्के जिल्हा खनिज निधीला आणि २ टक्के राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यासाला तेव्हा जात. उत्पादनखर्चही आयात कोळशामुळे रॉयल्टी सोडून टनाला १,२५७ डॉलरवर चढलेला.

समोरचे पर्याय

*पैसा स्मेल्टरमध्ये घालणं.* खाणीतला धातू वाढला की स्मेल्टर अपुरे पडतात आणि कॉन्सन्ट्रेट, म्हणजे धातुक दळून वेगळी केलेली धातूची पूड, तसंच विकावं लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये गुजरात सरकारशी करार करून तापी जिल्ह्यात दोसवाडा इथे वर्षाला ३ लाख टनांच्या जस्त स्मेल्टरची आखणी झाली. हे ठिकाण आपल्या नवापूरपासून फार दूर नाही. जुलै २०२१ च्या जनसुनावणीत आदिवासी गावांनी तीव्र विरोध केला आणि प्रकल्प अडला. स्मेल्टर म्हणजे गंधकाम्ल, जॅरोसाइट नावाचा जस्त काढून उरलेला गाळ आणि पाणी. या तिन्हींचं उत्तर गावाला आधी द्यावं लागतं. बाकी काही मिळालं नाही तरी पर्यायी जागेचा शोध लगेच सुरू व्हायला हवा होता.

*परदेशी खाण विकत घेणं.* १९ जानेवारी २०२३ रोजी मंडळानं प्रवर्तकाच्याच दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या जस्तखाणी रोखीनं, टप्प्याटप्प्यानं, जास्तीत जास्त २९८.१ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. रुपयांत सुमारे २४ हजार कोटी. कागदावर हा विस्तार होता. नामिबियाची खाण मात्र २०२० पासून बंदच होती.

इथे थोडं थांबून पैसा कोणत्या वाटेनं जातो ते पाहायला हवं. कंपनीनं १०० रुपये लाभांश वाटला तर मुंबईला ६४.९२ मिळतात आणि त्यातले साधारण ४५ लंडनपर्यंत पोचतात, कर वेगळा. उरलेले ५५ वाटेत सरकारला आणि इतर भागधारकांना जातात. मालमत्ता विकून आलेले १०० रुपये मात्र पूर्णच्या पूर्ण विकणाऱ्याला मिळतात. खालच्या कंपनीच्या इतर मालकांनी याच ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे असतात.

*शेअर परत विकत घेणं.* एका खेपेत भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या २५ टक्क्यांची मर्यादा, दोन खेपांत वर्षाचं अंतर, आणि तेव्हा कंपनीवर २० टक्क्यांचा कर. एवढ्या रकमेसाठी हा रस्ता अरुंद.

*लाभांश.* यातली मेख अशी की अंतरिम, म्हणजे वर्ष चालू असताना दिलेल्या, लाभांशाला फक्त मंडळाचा ठराव पुरतो. अंतिम लाभांशाला वार्षिक सभेत भागधारकांचं मत लागतं. त्या वर्षीचे चारही लाभांश अंतरिम होते.

प्रत्यक्षात काय झालं

जुलै २०२२ मध्ये २१ रुपये, नोव्हेंबरमध्ये १५.५०, जानेवारीत १३ आणि मार्च २०२३ मध्ये २६. एकूण ७५.५० रुपये, ३१,९०१ कोटी. वर्षाचा नफा १०,५११ कोटी. जानेवारीचे १३ रुपये आणि परदेशी खाणींचा प्रस्ताव एकाच दिवशी मंजूर झाले.

मार्चचा हप्ता एकटाच १०,९८५ कोटींचा होता. कंपनी कायद्याप्रमाणे लाभांश जाहीर झाल्यापासून ५ दिवसांत सगळी रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि ३० दिवसांत ती भागधारकांना पोचवावी लागते. उशीर झाला तर १८ टक्के व्याज. अशा वेळी मुदतबंद रोखे कामाला येत नाहीत. तरल फंड मोडायचे आणि उरलेल्यासाठी बँकांकडे जायचं.

वर्षाची रोकड जमा-वजा केली तर चित्र असं दिसतं: सुरुवातीला हाती सुमारे २१ हजार कोटी. धंद्यातून आले १५ हजार. नवं कर्ज ९ हजार. भांडवली खर्च साडेतीन हजारांच्या आसपास. लाभांश जवळजवळ ३२ हजार. शेवटी उरले सुमारे १० हजार कोटी, आणि कर्ज २,८०० कोटींवरून ११,८०० कोटींवर गेलं. म्हणजे वर्षाच्या अखेरीस कर्ज हातच्या रोकडीपेक्षा जास्त. नक्त मत्ता, म्हणजे मालमत्ता वजा देणी, ३४ हजार कोटींवरून १३ हजार कोटींच्या खाली आली.

आणखी एक हालचाल झाली, जिच्याकडे वाचकांचं लक्ष सहसा जात नाही. सामान्य राखीव निधीतले १०,३८३ कोटी रुपये राखून ठेवलेल्या नफ्याच्या खात्यात वळवायची योजना मार्च २०२३ मध्ये भागधारकांपुढे आली आणि मंजूर झाली. १९५६ च्या कायद्याखाली ठरावीक दरापुढे लाभांश द्यायचा तर नफ्यातला काही भाग या निधीत टाकणं सक्तीचं होतं. २०१३ च्या कायद्यानं ती सक्ती काढली. पण एकदा निधीत गेलेला पैसा लाभांशासाठी काढायचा तर नियम कडक: वर्ष तोट्याचं किंवा अपुऱ्या नफ्याचं असावं, लाभांशाचा दर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीहून जास्त नसावा, आणि काढायची रक्कम भरणा भांडवल व मुक्त राखीव निधीच्या दहाव्या भागापुढे जाऊ नये. खातं बदललं की या अटी सुटतात. पेटी तीच, कुलूप वेगळं.

परदेशी खाणींचा व्यवहार मात्र अडला. तो संबंधित पक्षाशी असल्यानं सेबी या शेअरबाजाराच्या नियामकाच्या नियमांप्रमाणे प्रवर्तकाला त्याच्या बाजूनं मत देता येत नव्हतं. उरलेल्या ३५.०८ टक्के मतांपैकी २९.५४ सरकारची, म्हणजे शंभरातली ८४. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनं लेखी विरोध कळवला आणि रोखीशिवाय दुसरा मार्ग शोधायला सांगितलं. सभा मुदतीत झाली नाही आणि प्रस्ताव आपोआप गळाला.

सरकारची भूमिका पाहण्यासारखी आहे. लाभांशाला हरकत नव्हती, कारण ३१,९०१ कोटींपैकी ९,४०० कोटींहून जास्त त्याच्याच तिजोरीत जात होते. पण मे २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं उरलेला सगळा हिस्सा विकायला मंजुरी दिलेली. विकायच्या मालाचं मोल घटू द्यायचं नव्हतं. रोख वाटली तर आपला वाटा तरी हाती येतो, प्रवर्तकाच्या खाणीत गेली तर तोही नाही.

परिणाम

२०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत कंपनीनं सुमारे २८,१०० कोटी नफा मिळवला आणि ५५,५०० कोटी वाटले. व्याजाचा खर्च २०२१-२२ मध्ये ३०० कोटींच्या आत होता. २०२३-२४ मध्ये ९५० कोटींच्या पुढे गेला. त्याच वर्षी जस्त स्वस्त राहिलं, नफा ७,७५९ कोटींवर आला आणि लाभांश १३ रुपयांवर. २०२४-२५ मध्ये चांदी वधारली, नफा पुन्हा दहा हजार कोटींपुढे गेला आणि लाभांश २९ रुपयांचा झाला. ते १२,२५३ कोटी होतात, पुन्हा नफ्याहून जास्त.

कंपनी कोसळली नाही, हेही नोंदवायला हवं. खाणकामाचा खर्च खालच्या पट्टीतला, सोबत चांदी, त्यामुळे कर्ज फेडणं अवघड गेलं नाही. खाणीतला धातू दरवर्षी थोडाथोडा वाढत २०२४-२५ मध्ये १०.९५ लाख टनांवर पोचला. एका दशकापूर्वी आखलेले १२ लाख टन अजून दूरच होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, लाभांश चालू भावावर न ठरवता सरासरी भावावर ठरवणं. जस्त साडेचार हजार डॉलर असताना आलेला जादा नफा वेगळा काढायचा. त्यातून आधी चालू खाणी टिकवण्याचा खर्च, मग खाण बंद करतानाची तरतूद, मग मंजूर प्रकल्पांचे पुढच्या दोन वर्षांचे हप्ते, आणि त्यापुढचं वाटायचं. २०२२-२३ चे पहिले दोन हप्ते, १५,४०० कोटी, या चाळणीतून सहज पार झाले असते. तिसऱ्यावर चर्चा झाली असती. चौथा, जो येता येता कर्जाचा आकडा रोकडीपुढे गेला, थांबला असता.

दुसरं, वर्षभरातल्या अंतरिम लाभांशाची बेरीज नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपुढे जाणार असेल तर वरची रक्कम अंतिम लाभांश म्हणून सभेपुढे नेण्याची अट कंपनीनं स्वतःच्या धोरणात घालून घेणं. कायदा तशी सक्ती करत नाही, पण मनाईही करत नाही.

तिसरं, दोसवाडा अडल्यावर जुन्या आवारातच स्मेल्टर वाढवण्याचा विचार २०२१ मध्येच व्हायला हवा होता. आवार ताब्यात, पाणी-वीज जोडलेली, गाळ साठवायची जागा परवान्यातली. शेवटी जून २०२५ मध्ये मंडळानं हेच केलं: उदयपूरजवळच्या देबारीला वर्षाला २.५ लाख टनांचा स्मेल्टर आणि त्याला पुरेल एवढी खाण-गिरणी वाढ, १२ हजार कोटी, मुदत ३६ महिने. चार वर्षं आधी हाच ठराव झाला असता तर पैसा घरचा होता. आता काही भाग कर्जातून येणार.

चौथा मुद्दा लीजचा, म्हणजे सरकारनं मुदतीनं दिलेल्या खाणपट्ट्यांचा, आणि त्यावर लाभांशाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं पारडं खरंच जड आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या कारखान्यासाठी चालणाऱ्या जुन्या खाणींच्या लीज सर्वसाधारणपणे ३१ मार्च २०३० पर्यंत आहेत आणि त्यानंतर लिलाव. मुख्य खाणीची लीज याच मुदतीत संपते. एक-दोन खाणींची त्याहून पुढे जाते. जुन्या धारकाला लिलावातली सर्वोच्च बोली स्वीकारण्याचा पहिला हक्क आहे, पण ती बोली राज्याला द्यायच्या हिश्श्यात मोजली जाते, म्हणजे आजचा नफा तसाच उरत नाही. लीजचा कागद फसला की काय होतं हे गोव्यानं पाहिलं आहे: ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या, ट्रक, बार्ज, गिरण्या जागच्या जागी राहिल्या.

तेव्हा विस्तार म्हणताना तो कशाचा, हे सुटं करून पाहावं लागतं. मुख्य खाणीतल्या नव्या बोगद्यावरचा खर्च २०३० च्या आत वसूल होतो का, हा हिशेब टनामागे मांडता येतो आणि अशा प्रत्येक प्रस्तावासोबत तो जोडायला हवा. स्मेल्टर लीजवर अवलंबून नाही, कॉन्सन्ट्रेट बाहेरून आणूनही तो चालतो. फक्त मग घरच्या कॉन्सन्ट्रेटचा नफा जातो आणि प्रक्रियेची मजुरी तेवढी उरते. देबारीचा प्रकल्प वेळेत झाला तर २०२८ च्या मध्यावर सुरू होईल. मुख्य खाणीच्या लीजला तेव्हा एकवीस महिने उरलेले असतील, आणि त्या लिलावात बोली लावायला कंपनीच्या हाती रोकड किती असेल ते मधल्या तीन वर्षांच्या अंतरिम लाभांशांवर ठरेल.